कुठल्या पानावर?

पुस्तक परत करायला आलेला माणूस ते काउंटरवर कसं ठेवतो, त्यातच त्याचं अर्धं मत कळतं. काहीजण लांबूनच सरकवतात आणि लगेच नव्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळतात. काहीजण ठेवतात, पण हात थोडा वेळ वर तसाच राहू देतात. एक निवृत्त शिक्षक यायचे. पुस्तक आवडलेलं असो की नसो, परत देण्याआधी ते खिशातल्या रुमालाने मुखपृष्ठ पुसायचे. त्यांच्या हातावरून काहीच कळायचं नाही, त्यांना विचारावंच लागायचं.

मी अठ्ठावीस वर्षं हे हात बघितले. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, ‘ब’ वर्गाचं. १९९४ साली मी तिथे देवघेव विभागात लागले आणि २०२२ साली त्याच खुर्चीवरून उठले. सकाळी मुक्तद्वार विभागात पेपर वाचणारी पुरुषमंडळी, संध्याकाळी बायका आणि शाळा सुटलेली मुलं, दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने दिवाळी अंकांसाठी नंबर लावणारे सभासद. अनुदानाचा हप्ता आला की पगार व्हायचा, नाही आला की वाट बघायची. या सगळ्या वर्षांत पुस्तकांविषयी लोक काय बोलतात हे मी रोज ऐकलं, आणि सिनेमाविषयीही ऐकलं, कारण गावातलं टॉकीज आमच्या मागच्याच गल्लीत होतं आणि तीनच्या शोमधून सुटलेले लोक आमच्या दारावरून घरी जायचे.

लोक मत देतात ते फार थोड्या शब्दांत. छान होतं. बरंय. टाइमपास आहे. रटाळ आहे. डोक्यावरून गेलं. पैसे वसूल. एकदा बघायला हरकत नाही. मला सुरुवातीला वाटायचं की एवढंच त्यांना म्हणायचं असतं. ‘छान’वाल्यांना तसलंच दुसरं पुस्तक द्यायचं आणि ‘रटाळ’वाल्यांना पातळ पुस्तक द्यायचं, असं माझं काम चाललं होतं.

आमच्याकडे एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शाळा चौथीपर्यंत झालेली. पावती, पत्ता, एसटीची पाटी वाचायचे, पण तीनशे पानांची कादंबरी त्यांच्याने होत नसे. तरी वाचनालयातल्या निम्म्या कादंबऱ्या मामांना माहीत होत्या, कारण पुस्तक परत करणाऱ्याला ते मोकळं सोडायचे नाहीत. ‘आवडलं का?’ असं त्यांनी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. माणूस ‘छान होतं मामा’ म्हणून निघायला लागला की मामा हातातला झाडू भिंतीला टेकवून विचारायचे, “छान म्हंजे कुठं?”

माणूस थांबायचा. कधी हसायचा. आणि मग त्याला ती जागा आठवायची. ती विहिरीवर एकटी जाते ना, तिथं. तो पोरगा पहिल्यांदा शहरात उतरतो आणि त्याला पत्ताच सापडत नाही, तिथं. मामा म्हणायचे, “मग फुडं?” आणि पाच मिनिटांत त्या पुस्तकातलं जे खरोखर त्या माणसापर्यंत पोचलं होतं ते बाहेर यायचं. ‘छान’ सगळ्यांचं सारखं होतं, ‘कुठं’ मात्र दोघांचं कधी एक आलं नाही. त्या एका शब्दाने मामा माणसाला परत पुस्तकात पाठवायचे, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत मी एक चूक केली, तिची खंत मला अजून आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. चांगलं काय आणि सुमार काय, हे आपल्याला कळतं अशी माझी खात्री. एक काकू आठवड्याला दोन कौटुंबिक कादंबऱ्या न्यायच्या, त्याच त्याच लेखिकांच्या. एका संध्याकाळी मी त्यांच्या हातात मला श्रेष्ठ वाटणारी एक कादंबरी ठेवली आणि वर म्हटलं, “काकू, तेच तेच काय वाचता?” त्या काही बोलल्या नाहीत. पुस्तक घेऊन गेल्या, आठ दिवसांनी परत दिलं, आणि मग चार महिने आल्याच नाहीत.

मामांना कारण माहीत होतं. काकूंचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकदा कूस बदलली की काकू उशाशी बसून वाचायच्या, पुढच्या वेळेपर्यंत. “तुमचं पुस्तक मधी सोडलं की परत सापडत न्हाई म्हणाल्या,” मामा म्हणाले. “त्यांचं पुस्तक कुठंबी सोडलं तरी गावतं.”

एखादी कादंबरी रात्री दोन वाजता खाली ठेवावी, एका जड माणसाला दोन्ही हातांनी वळवावं, चादर सारखी करावी, आणि परत उचलल्यावर तिने जिथे सोडलं तिथेच थांबलेलं असावं, हा गुण मी कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकात वाचला नव्हता. पण तो गुण आहे. त्या लेखिकांनी तो मेहनतीने कमावलेला आहे. मी दुसऱ्या दिवशी दोन कादंबऱ्या घेऊन काकूंच्या घरी गेले. त्यांनी मला चहा केला आणि माझ्या त्या बोलण्याचा विषयही काढला नाही.

तेव्हापासून मीही विचारायला लागले. कुठे? कुठल्या पानावर?

पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तीही एक मताची चिठ्ठीच. पुरस्कार मिळालेल्या काही पुस्तकांवर दोन शिक्के असतात आणि काही पुस्तकांत तीन चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या असतात. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा होता. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, दोन-तीन पिढ्यांना वाचायची सवय लावली, आणि साहित्याच्या इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला फार कमी ओळी आल्या. आमचा गठ्ठा तीनदा बाइंडिंगला जाऊन आला होता. लेथवर काम करणारे एक सभासद ती पुस्तकं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नेत. गुन्हेगार कोण हे एव्हाना पाठ असणार, मग परत का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, “शेवटाच्या जरा अगोदर एक जागा येते बघा. मला कळलेलं असतं कोण आहे ते, आणि त्या धनंजय डिटेक्टिव्हला अजून कळलेलं नसतं. तेवढी दहा पानं मी त्याच्या पुढं असतो.” दिवसभर दुसऱ्याने काढून दिलेल्या मापावर लोखंड कातणारा माणूस. तेवढ्या दहा पानांसाठी तो तीन वेळा पुस्तक नेत होता.

काउंटरवर बोलतात ते वेगळं आणि समासात लिहितात ते वेगळं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये असा नियम आहे, तो पुठ्ठ्याच्या आत छापलेलाही असतो, आणि लोक लिहितात. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून तपासणी यायची असली की त्याआधीचे आठ दिवस माझ्याकडे खोडरबर आणि पुस्तकांचा ढीग. मी खोडत बसायचे. एका वर्षी खोडता खोडता हात थांबला आणि मी जुनी शंभर पानी वही काढली. त्यानंतर खोडण्याआधी उतरवून घ्यायला लागले.

वहीत बरंच काही आहे. ‘असं कुणी बोलत नाही.’ ‘हे दोनदा वाचा.’ ‘लेखकाला शेती माहीत नाही, ज्वारी उन्हाळ्यात पेरत नाहीत.’ एका आत्मकथनात, लहान मुलांमध्ये भाकरीचे तुकडे वाटून देण्याचा प्रसंग आहे, तिथे अगदी बारीक अक्षरात: ‘आमच्यातपण अशीच वाटणी. आई शेवटी.’ बाकी काही नाही. पुढच्या-मागच्या पानांवर एक रेघसुद्धा नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून मराठीत दलित आत्मकथनं यायला लागली, त्यांच्यावर परिसंवाद झाले, प्रबंध झाले. ‘आई शेवटी’ हे दोन शब्द मला त्या सगळ्याच्या शेजारी ठेवावेसे वाटतात.

आणि एक पान आहे, ते मी खोडलंच नाही. एका कादंबरीच्या शेवटी बाई घर सोडून निघते. दार ओढून घेते आणि कादंबरी संपते. त्या परिच्छेदाच्या शेजारी, बाहेरच्या समासात, पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं: ‘योग्य केलं.’ त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, जरा दाबून: ‘मुलांचं काय?’ आणि त्याच्या खाली निळ्या पेनाने, तिरक्या अक्षरात: ‘मुलं मोठी होतात.’ तीन बायका असाव्यात. एकमेकींना कदाचित ओळखतही नसतील, किंवा एकाच हळदीकुंकवाला जात असतील आणि हे तिथे कधी बोलल्या नसतील. चिठ्ठीवरच्या तारखा बघून मी कार्डं काढून बघू शकले असते. नाही बघितली.

त्या पानाकडे बघताना मला ‘पटणे’ या शब्दाचा विचार यायचा. आपल्याकडे ‘आवडणे’ वेगळं आणि ‘पटणे’ वेगळं. कितीतरी वाचक मला सांगायचे, ‘आवडलं, पण पटलं नाही.’ किंवा उलट, ‘पटलं हो सगळं, पण आवडलं नाही.’ सासूशी पटत नाही तोही हाच शब्द, हिशेब पटला तोही हाच, आणि हरवलेल्या माणसाची ओळख पटते तोही हाच. आवडण्याला माणूस एकटा पुरतो. पटायला दोघं लागतात, समोरच्यात आपलं काहीतरी सापडावं लागतं. म्हणून ‘शेवट पटला नाही’ असं कुणी म्हटलं की मी सावध व्हायचे. वरवर ते लेखकाच्या चुकीविषयी असायचं. पण ‘कुठे?’ म्हटलं की बोलणं दोन वाक्यांत घरापर्यंत यायचं.

सिनेमाचंही तसंच आहे, आणि ते मला मावशीने शिकवलं.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला. आमच्या टॉकीजला आसपासच्या खेड्यांतून टेम्पो भरून बायका यायच्या. मावशी आटपाडीकडून आली होती, ती मला घेऊन गेली. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजला. थिएटरात हुंदके सुरू झाले आणि माझी मावशी त्यांत सामील झाली. ती नुसती डोळे पुसत नव्हती, खांदे हलत होते. मी अंधारात अंग चोरून बसले. घरी येईपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. बाईने सोसायचं, सोसतच जायचं आणि शेवटी मरायचं, या गोष्टीचा मला तेव्हा राग आला होता, आणि तो राग आजही आहे. त्या चित्रपटावर झालेली टीका मला आजही बरीचशी मान्य आहे.

पण मी वाचनालयात लागल्यावर, सहा-सात वर्षांनी, पापड लाटताना मावशीला विचारलं, “त्या पिक्चरला तू कुठे रडलीस गं?” मला वाटलं ती सासूचा छळ म्हणेल, मरण म्हणेल.

“गाण्यात,” ती म्हणाली. “ती माहेरची साडी नेसून निघाली, तिथं.”

म्हणजे छळ सुरू व्हायच्याही आधी.

“माझं लगीन त्र्याहत्तर सालचं, वैशाखातलं. आप्पा आणि आई दोघं खडी फोडाय जात होती तलावाच्या कामावर. आम्ही मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, पोरांना सुकडी मिळायची. साडी कुठनं आणतील? शेजारच्या आक्काची नेसून उभी राहिले. हिरवी होती. पाचपरतावणाला आले तेव्हा धुऊन, घडी घालून परत केली.” तिने लाटणं थांबवलं नाही. “घडी बरोबर पडली का म्हणून आई दोनदा बघून आली.”

१९७२च्या दुष्काळावर मी वाचनालयातली पुस्तकं चाळली आहेत, पाझर तलावांची, रोजगार हमीची माहिती वाचली आहे. त्यात ती हिरवी साडी नव्हती. आणि त्या सिनेमातही ती नव्हती, ती मावशीने सोबत नेली होती. कुणी रडलं की चित्रपट भडक आहे, आणि म्हणून रडणाराही भोळा आहे, असं आपण फार पटकन धरून चालतो. चित्रपट भडक असू शकतो. मावशी भोळी नव्हती. तिला रडायला अठरा वर्षं जागा मिळाली नव्हती, ती त्या गाण्यात मिळाली.

गाण्यातही ‘जागा’ म्हणतातच की. ख्याल अर्धा तास चालतो आणि ऐकणारा एका जागेला मान हलवतो. संगीत नाटकांच्या काळात तर प्रेक्षकांना त्याच जागेवर परत जायचा हक्क होता. बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर मिळायचे, आणि नाटक तिथेच थांबून ते पद पुन्हा व्हायचं. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. सगळं नाटक कसं होतं ते मग सांगू, आधी हे एवढं परत म्हणा. सिनेमात तशी सोय नाही, म्हणून लोक सिनेमाच परत बघतात. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं. त्यात पुन्हा पुन्हा येणारे किती असतील, आणि त्यांतले किती ‘बुगडी’चं गाणं संपल्यावर खुशाल उठून बाहेर जात असतील, असं माझ्या मनात येतं.

माझ्या आजीने आयुष्यात चार-पाचच सिनेमे बघितले. त्यांतला ‘संत तुकाराम’ तिने गणपतीत बघितला, चौकात बांधलेल्या पडद्यावर. समोर पुरुष बसायचे, म्हणून बायका पडद्याच्या मागच्या बाजूला. चित्र दोन्हीकडून दिसतं, फक्त मागून सगळं उलटं. प्रभातचा हा चित्रपट १९३६चा. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत गणला गेला. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती वारकऱ्याची सून, एकादशी न चुकवणारी. मला वाटायचं तिला विमान आवडलं असणार, तुकोबा वैकुंठाला जातात ते. तिने सांगितलेली जागा वेगळीच होती. आजारी पोराला घेऊन जिजाई विठोबाच्या देवळात शिरते आणि देवावरच वहाण उगारते, ती.

“मला वाटलं आता बायका उठून जातील,” आजी म्हणाली होती. “एक उठली नाही. ती बोलली गं. आपल्याला बोलता आलं नसतं.”

खूप वर्षांनी मी तो चित्रपट बघितला. आजीने सांगताना जो हात उगारून दाखवला होता, त्याच्या दुसऱ्याच हातात जिजाईची वहाण होती. मग आठवलं, ती मागच्या बाजूला बसलेली होती.

परीक्षकांनी त्या चित्रपटात काय बघितलं असेल ते मी वाचून सांगू शकते. छायाचित्रण, अभिनयातला साधेपणा, गाणी गोष्टीत कशी मिसळली आहेत ते. ते सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. पण आजीचं मत ऐकलं नसतं तर चौकाच्या मागच्या अंगाला, तट्ट्याला टेकून बसलेल्या बायकांना त्या रात्री काय मिळालं ते मला कळलं नसतं.

‘सैराट’च्या वेळी हे फार जवळून बघायला मिळालं. २०१६चा मे महिना, टॉकीजमध्ये उकाडा, आणि ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचत होती. मग तो शेवट आला. आवाज गेला, लहान मुलाची पावलं उमटत गेली, आणि मघाशी नाचलेली तीच पोरं गप्प बसून राहिली. बाहेर पायऱ्यांवर कुणी कुणाशी बोललं नाही. मला असा सुटलेला शो दुसरा आठवत नाही.

दोन दिवसांनी मुक्तद्वार विभागात वाद पेटला. आयटीआयचा एक मुलगा म्हणत होता, “शेवट पटला नाही.” पेपर वाचणारे एक आजोबा चष्मा वर करून म्हणाले, “न पटायला काय झालं? तो तर पेपरात येतो.” त्यांनी हातातला पेपर वर केलाही. मुलगा म्हणाला, “पेपरात येतं ते माहिताय मला.” मग तो काउंटरपाशी आला. मी त्याला विचारलं, कुठे पटला नाही?

“तिनं चहा केला ना भावासाठी,” तो म्हणाला. “तिथं. ते पिशव्या भरून सामान घेऊन आले, आईनं पाठवलंय म्हणून. मला वाटलं झालं आता, मिटलं. मी मागं टेकून बसलो.” तो थोडा वेळ तारखेच्या शिक्क्याशी खेळला. “टेकायला नको होतं.”

यापुढे तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या चहाविषयी एवढं अचूक बोललेलं मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही. चित्रपटकर्त्याने प्रेक्षकाला कुठे टेकू दिलं आणि का, हे त्या मुलाला नेमकं कळलं होतं. त्याने त्याला ‘पटलं नाही’ हे नाव दिलं एवढंच.

सगळीच मतं अशी ऐकून घ्यावीत असं मी म्हणणार नाही. एकदा एक गृहस्थ आले, एक आत्मकथन कपाटातून काढून टाका म्हणाले. असली पुस्तकं वाचनालयात ठेवता, घरातल्या मुलीबाळी वाचतात, समाजात काय संदेश जातो, आवाज चढलेला. मी नेहमीचं विचारलं, “कुठल्या पानावर आहे ते?” ते म्हणाले, “पानबिन मला माहीत नाही. सगळेजण बोलतायत.” मी पुस्तक त्यांच्या समोर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. ज्याच्याकडे एकही पान नाही, त्याच्याकडे त्या पुस्तकाविषयीचं मतही नाही. दुसरं काहीतरी असेल, पण ते मत नाही, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. तरीही वाद नको म्हणून पुस्तक बंद कपाटात ठेवायचं ठरलं, आणि सहा महिने ते माझ्याच हातच्या किल्लीखाली राहिलं. मी तेव्हा जोरात बोलायला हवं होतं. तेच ते पुस्तक, ज्यात ‘आई शेवटी’ लिहिलेलं होतं.

आता पेपरात चित्रपटाला पाचपैकी साडेतीन तारे दिलेले असतात, पुस्तकांनाही देतात. घाईच्या माणसाला उपयोग होत असेल. मला त्या ताऱ्यांतून मावशी दिसत नाही.

निवृत्त होताना वही मी घरी आणली. मामा त्याच्या बऱ्याच आधी गेले. शेवटच्या वर्षी त्यांना दिसेनासं झालं होतं, तरी पायऱ्यांवर येऊन बसायचे आणि पुस्तक घेऊन उतरणाऱ्याला हाक मारायचे. आता मीही आठवड्यातून एकदा जाते, सभासद म्हणून. काउंटरवर नवी मुलगी आहे, चटपटीत आहे, संगणकावर नोंद करते. तिच्यावर एवढी कामं आहेत की ती कुणाला काही विचारत नाही. मी तिला दोष देत नाही.

गेल्या महिन्यात कपाटातून ती कादंबरी हाताला लागली, बाई घर सोडते ती. बाइंडिंगला जाऊन आली होती, नवा निळा पुठ्ठा, कण्याला कापडी पट्टी. बाइंडर शिवून झाल्यावर कडा सारख्या करायला यंत्राखाली धरतो, त्यात बाहेरचा समास बोटभर गेला होता. मी उभ्याउभ्याच शेवटचं पान काढलं. ‘योग्य के’ एवढंच उरलं होतं. त्याखाली ‘मुलांचं’. त्याखाली निळ्या शाईत ‘मुलं मोठी’.

आणि सगळ्यांत खाली, पानाच्या तळाशी कोऱ्या जागेत, जेल पेनाचं नवं, गोल गोल अक्षर होतं. शाळकरी मुलीचं असावं.

‘वरचं कापलं गेलंय, नीट लागत नाही. पण ती गेली कुठे?’